चाळणीची भोकं

सरकारी मदतीच्या कामावर जाणाऱ्या माणसाला नावं ठेवायची रीत सगळ्या मुलखांत सारखीच दिसते. ‘फुकटचं खातात’, ‘फावड्याला टेकून उभे राहतात’, ‘सरकारचा पैसा मातीत घालतात’ ही बोलणी आम्ही १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात आमच्या कानांनी ऐकली. जवळजवळ चाळीस वर्षं आधी अमेरिकेतल्या बेकारांनाही हेच ऐकावं लागलं होतं, हे पुढे मुंबईत रात्रशाळेत शिकताना आम्हाला कळलं. तेव्हापासून त्या काळाबद्दल हाती लागेल ते आम्ही वाचत आलो. त्यात आपल्या माणसांनी जाणून घ्यावं असं पुष्कळ आहे.

लिहायला एक निमित्तही झालं. मागच्या महिन्यात घरी सगळे जमलो होतो. आमच्याच धाकट्या पिढीतला एक जण, शिकलेला, पगारदार, सहज बोलून गेला, ‘‘या सरकारी योजनांनी लोक आळशी झालेत.’’ घरातली म्हातारी माणसं गप्प झाली. ज्या मायच्या हातावर खडी फोडून पडलेले घट्टे आम्ही बघितले, तिच्या नातवाच्या तोंडी हे वाक्य यावं! पोरावर रागावून उपयोग नाही. वाक्य त्याचं नाहीच. ते फार जुनं आहे आणि ज्यांनी ते पहिल्यांदा काढलं त्यांच्या घरात कधी चूल विझली नव्हती.

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत अमेरिकेसारखा सधन देश रस्त्यावर आला. १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला होता. सव्वा कोटीच्या वर माणसांच्या हाताला काम नव्हतं. हजारो बँका बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर गरिबाने पोटाला चिमटा घेऊन ठेवलेली पुंजीही बुडाली. देशभर लागू असलेला बेकारीचा विमा तेव्हा नव्हता, साध्या कामगाराला केंद्र सरकारची म्हातारपणाची पेन्शन नव्हती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांचं मत असं, की केंद्राने बेकारांना थेट मदत दिली तर माणसाचं स्वावलंबन नष्ट होईल. शेजारीपाजारी, चर्च, धर्मादाय संस्था आणि नगरपालिका काय ते बघतील. त्याच सरकारने १९३२ साली बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना कर्जं देण्यासाठी मात्र एक मोठं महामंडळ काढलं. मदतीने बँकेचं स्वावलंबन कसं नष्ट होत नाही, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

काळ्या लोकांचे हाल तर विचारू नका. त्यांना कामावर घेताना शेवटचा नंबर आणि काढताना पहिला. दक्षिणेकडच्या अटलांटा शहरात १९३० साली गोऱ्यांची एक संघटनाच उभी राहिली. प्रत्येक गोऱ्याला काम मिळेपर्यंत काळ्याला काम नको, अशी तिची मागणी. आणि काम कोणतं? हॉटेलातला पोऱ्या, रस्ता झाडणारा, कचरा उचलणारा. चांगल्या दिवसांत ज्या कामाला गोरा माणूस हात लावत नव्हता, तेच झाडू वाईट दिवसांत काळ्याच्या हातातून काढून घेण्यात आलं. आपल्या वाचकांना यावर आणखी काही सांगायला नको.

१९३३ च्या मार्चमध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी एकामागून एक योजना काढल्या. त्या सगळ्यांना मिळून ‘न्यू डील’ म्हणतात, म्हणजे पत्ते नव्याने वाटायचे. मदतीचं खातं हॅरी हॉपकिन्स नावाच्या माणसाकडे दिलं. आधी समाजसेवेत मुरलेला, घाईचा, फटकळ माणूस. एकाने त्याला एक योजना दाखवून सांगितलं, की हिचा गुण लांबच्या मुदतीत येईल. त्यावर हॉपकिन्सचं उत्तर असं होतं, की माणसं लांबच्या मुदतीत जेवत नाहीत, रोज जेवतात.

सुरुवातीला मदत रोख किंवा धान्याच्या रूपाने दिली गेली. ती घेण्यासाठी घरी तपासनीस यायचे. स्वयंपाकघर बघायचे, कोळसा किती आहे ते बघायचे, कोण नातेवाईक कमावतो ते विचारायचे. कालपर्यंत पगार आणणाऱ्या माणसाला बायकापोरांसमोर हा जबाब द्यावा लागे. हॉपकिन्सला ही लाज घालवायची होती. म्हणून त्याने भिकेऐवजी काम आणि कामाची मजुरी हा मार्ग धरला. १९३३-३४ च्या हिवाळ्यात काही महिन्यांतच ४० लाख माणसं कामावर लावली. पुढे १९३५ साली ‘डब्ल्यू.पी.ए.’ नावाचं मोठं खातं निघालं. ते १९४३ पर्यंत चाललं आणि त्यात एकूण ८५ लाख माणसांनी काम केलं. तरुणांसाठी जंगलातल्या छावण्या काढल्या. पोरांना महिना ३० डॉलर मिळत, त्यातले २५ परस्पर घरी पाठवले जात. मुंबईच्या मनीऑर्डरवर ज्यांची गावाकडची घरं चालली त्यांना त्या २५ डॉलरचं मोल समजेल.

आता टीकाकारांकडे येऊ.

१९३५ साली न्यूयॉर्कमध्ये मदतीच्या खर्चाची चौकशी चालू होती. तिथे हस्तकला शिकवणाऱ्या एका माणसाने सांगितलं, की आपण ‘बूनडॉगल’ शिकवतो, म्हणजे चामड्याच्या, दोरीच्या वगैरे लहानसहान उपयोगी वस्तू करायला शिकवतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना नवी शिवी मिळाली. तेव्हापासून इंग्रजीत फुकट घालवलेल्या सरकारी पैशाला ‘बूनडॉगल’ म्हणतात. डब्ल्यू.पी.ए. या तीन अक्षरांचे चेष्टेचे अर्थ निघाले. त्यातला एक ‘आम्ही रेंगाळतो’ असा. फावड्यावर रेललेल्या मजुराची व्यंगचित्रं घरोघर पोचली. त्या कचेऱ्यांतून बसलेला कोणी व्यंगचित्रकार दिवसभर कुदळ मारून आलेला होता असं आमच्या वाचनात तरी आलं नाही. आम्ही खडी फोडली आहे. दहा घण मारल्यावर माणूस अकराव्याला श्वास घ्यायला टेकतोच आणि रस्त्यावरून मोटारीतून जाणाऱ्याला नेमका तेवढाच क्षण दिसतो.

ही झाली थट्टा. खरे पैसेवाले १९३४ साली ‘लिबर्टी लीग’ म्हणून एकत्र आले. रसायनांच्या कारखानदारीतलं ड्यु पाँ घराणं तिच्या पाठीशी होतं. त्यांचं म्हणणं, या योजनांनी माणसाचं स्वातंत्र्य धोक्यात आलं, राज्यघटना धोक्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९३५ आणि १९३६ साली न्यू डीलचे दोन मोठे कायदे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा लीगला आनंदच झाला असणार. पण १९३६ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४६ राज्यांनी रूझवेल्टला निवडून दिलं. लीगचा गाशा १९४० पर्यंत गुंडाळला गेला.

वरच्या टीकाकारांचं सगळंच खोटं होतं असं आम्ही म्हणणार नाही. मदतीच्या कामात राजकारण शिरलं होतं. काही ठिकाणी कामावरच्या माणसांवर मतासाठी आणि वर्गणीसाठी दडपण आलं. त्यावर बोंब झाली आणि १९३९ साली केंद्रीय नोकरांनी निवडणुकीच्या राजकारणात पडू नये म्हणून कायदा करावा लागला. बेकारी पुरती हटली ती महायुद्धाच्या कारखान्यांनी, हेही खरं. पण खर्च कमी करा म्हणणाऱ्यांचं ऐकून १९३७ साली सरकारने हात आखडता घेतला तेव्हा काय झालं? वर्षाच्या आत पुन्हा मंदी आली आणि लाखो माणसं पुन्हा बेकार झाली. आणि ‘मातीत घातलेल्या’ पैशाचा हिशेबही आहे. एकट्या डब्ल्यू.पी.ए.ने साडेसहा लाख मैल रस्ते केले, सव्वा लाख इमारती बांधल्या किंवा दुरुस्त केल्या, ७५ हजारांच्या वर पूल केले. छावण्यांतल्या पोरांनी सुमारे तीन अब्ज झाडं लावली. शिवणकामाच्या केंद्रांत बायकांनी गरिबांसाठी आणि इस्पितळांसाठी कपडे शिवले.

इथवरचा इतिहास पुष्कळ पुस्तकांत सापडतो. पण टीकाकार आणखी एका प्रकारचे होते. त्यांची नावं आम्हाला फार उशिरा सापडली आणि सापडल्यावर वाटलं, ही तर आपलीच माणसं.

१९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा होत होता. म्हातारपणाची पेन्शन, बेकारीचा विमा, सगळं त्यात होतं. त्या वेळी काळ्या लोकांच्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन सिनेटच्या समितीपुढे उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की तुमचा हा कायदा म्हणजे चाळणी आहे आणि तिची भोकं बरोबर काळा माणूस खाली गळेल एवढी ठेवली आहेत. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. विम्यातून आणि पेन्शनीतून दोन कामं वगळली गेली, शेतमजुरी आणि घरकाम. कायद्यात काळा हा शब्द कुठेही नाही. पण काळ्या कामगारांपैकी निम्म्याहून जास्त याच दोन कामांत होते. सरकारी खुलासा असा, की शेतमजुराकडून आणि मोलकरणीकडून वर्गणी गोळा करणं अवघड. त्याबरोबर हेही लक्षात घ्यायला हवं, की काँग्रेसमधल्या मोठमोठ्या समित्या दक्षिणेकडच्या गोऱ्या पुढाऱ्यांच्या हातात होत्या आणि त्यांच्या मतांवाचून रूझवेल्टचं पान हलत नव्हतं. काळ्यांना झुंडीने ठार मारण्याविरुद्धच्या कायद्यालाही रूझवेल्टने याच भीतीने जोर लावला नाही.

कापसाचंही असंच झालं. भाव पडले म्हणून १९३३ साली सरकारने कापसाची सुमारे एक कोटी एकर उभी पिकं नांगरून टाकायला लावली आणि त्याबद्दल पैसे दिले. पैसे जमीनमालकाच्या हातात गेले. त्याने बटईने कसणाऱ्या कुळाला वाटा द्यावा अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी दिला नाही आणि जमीन कमी कसायची म्हटल्यावर कुळालाच झोपडीतून बाहेर काढलं. यातली बरीच कुळं काळी होती, गरीब गोरीही होती. १९३४ च्या जुलैमध्ये आर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा गावाजवळ अकरा गोरे आणि सात काळे एकत्र बसले आणि त्यांनी बटईदारांची युनियन काढली. दक्षिणेत, १९३४ साली, काळे आणि गोरे एका युनियनमध्ये! त्यांच्या सभांवर मालकांच्या टोळ्या तुटून पडल्या, तरी युनियन वाढत गेली. ही माणसं सरकारी मदतीवर कडाडून टीका करत होती. पण मदत बंद करा असं त्यांनी म्हटलं नाही. मदत आमच्या नावाने येते, ती आमच्या हातात द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

जंगलातल्या छावण्या काळ्या-गोऱ्या पोरांच्या वेगळ्या होत्या. डब्ल्यू.पी.ए.मध्ये भेदभाव करू नये असा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम १९३५ साली निघाला, पण दक्षिणेत कापूस वेचायचे दिवस आले की मदतीची कामं बंद करून माणसांना शेतावर पिटाळत. मालकाला स्वस्तात मजूर हवा, मग सरकारने जास्त मजुरी देऊन त्याचा मजूर कसा काय पळवायचा? काळ्या बायकांना तर सांगितलं जाई, तुम्हाला धुणीभांडी आहेत की. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काळ्या बाया सकाळी कोपऱ्यावर उभ्या राहत आणि गोऱ्या घरमालकिणी येऊन त्यांना काही सेंट तासाने घासाघीस करून घेऊन जात. आपल्याकडच्या बिगारी नाक्यासारखंच. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोन काळ्या बायकांनी त्या कोपऱ्यावर स्वतः जाऊन १९३५ साली ‘क्रायसिस’ मासिकात हे सगळं छापलं. त्या नाक्याला त्यांनी गुलामांचा बाजार म्हटलं होतं.

आता आमचं थोडं. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रस्ते, पाझर तलाव, नाला बांध अशी कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसं त्यांवर होती. आमच्या घरातली चार होती, त्यात आम्ही पोरंसोरंही पाट्या उचलायला. अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. त्या कामाने आमचं घर जगलं, हे आम्ही कोणापुढेही सांगू. पण त्याच कामावर आमच्या वस्तीच्या गँगला पाण्याचा माठ वेगळा होता. मऊ माती दुसऱ्यांना आणि कातळ आम्हाला. मस्टरवर मायचे सहा दिवस भरलेले असताना मुकादमाने चार मांडले आणि अंगठा घेतला. त्या दोन दिवसांसाठी वस्तीतल्या बायका घोळक्याने साहेबाच्या जीपसमोर बसल्या. ‘काम बंद करा’ असं एकही बाई म्हणाली नाही. ‘हजेरी नीट मांडा’ म्हणाल्या. पाचव्या दिवशी नवा मुकादम आला. माठ मात्र वेगळाच राहिला. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला, तेव्हा बागायतदार कुरकुर करू लागले, की मजूर शेतावर यायला तयार नाही, आला तर जास्त मागतो. आर्कान्साचा कापूसवाला आणि आमच्याकडचा बागायतदार एकमेकांना कधी भेटले नसतील, पण दोघांचं गाऱ्हाणं एकच.

या सगळ्याशी बाबासाहेबांचा संबंध आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. तिथले त्यांचे आवडते प्राध्यापक जॉन ड्युई हे मंदीच्या काळात न्यू डीलचे टीकाकार होते. पण कोणत्या बाजूचे? हे उपाय अर्धवट आहेत, मूळ दुखण्याला हात घालत नाहीत, असं ते म्हणत. म्हणजे लिबर्टी लीगच्या अगदी उलट्या टोकाचे. आणि बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर नदीच्या खोऱ्याची योजना पुढे आली, तेव्हा नमुना म्हणून समोर होतं ते १९३३ साली न्यू डीलमध्येच निघालेलं टेनेसी खोऱ्याचं प्राधिकरण. धरण, वीज, पूरनियंत्रण, शेती, सगळं एका हाताखाली. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ साली झाला. टेनेसीच्या त्या प्राधिकरणाने कामगारांसाठी नॉरिस नावाचं आदर्श गाव वसवलं होतं. त्यात काळ्या कामगाराला घर मिळत नव्हतं. धरणावर घाम चालतो, गावात माणूस चालत नाही, हे आपल्याला नवं नाही.

इतकं सगळं असूनही काळ्या मतदारांनी १९३६ साली रूझवेल्टला भरभरून मतं दिली. तोवर मत देणारे बहुतेक काळे लोक गुलामी मोडणाऱ्या लिंकनच्या पक्षालाच मत देत आले होते. जे मिळालं त्याबद्दल मत दिलं आणि जे गाळलं त्यासाठी भांडण चालू ठेवलं. मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांचे आईवडील गुलाम म्हणून जन्मलेले. त्या १९३६ पासून तरुणांच्या मदतखात्यात काळ्यांचा विभाग सांभाळू लागल्या आणि आतून भांडत राहिल्या. १९४१ साली रेल्वेच्या पोर्टर लोकांचे पुढारी फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे युद्धाच्या कारखान्यांत रंगावरून भेदभाव करू नये असा हुकूम निघाला. सामाजिक सुरक्षेची ती भोकं बुजायला १९५० आणि १९५४ साल उजाडावं लागलं. तेव्हा मोलकरणी आणि शेतमजूर हळूहळू कायद्यात आले. आपल्या महाराष्ट्रात घरकाम करणाऱ्या बायकांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला.

त्या आमच्या पोराला आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगितली. डब्ल्यू.पी.ए.ने बेकार लेखकांनाही काम दिलं होतं. त्यावर तर सगळ्यात जास्त हशा पिकला. लिहिणं हे काय काम आहे? १९३६ ते १९३८ या काळात हे लेखक दक्षिणेतल्या गावांतून फिरले आणि ज्यांनी गुलामी स्वतः भोगली होती अशा म्हाताऱ्या माणसांच्या हकिकती त्यांनी लिहून घेतल्या. २३०० हून जास्त हकिकती आज अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. आईला विकलं ते कोणत्या बाजारात, पाठीवर फटके किती, चोरून अक्षर कसं शिकलो, सगळं त्यांत आहे. लिहून घेणारे बहुतेक गोरे होते, म्हणून पुष्कळ म्हाताऱ्यांनी हातचं राखूनच सांगितलं असणार. आणि त्यांतल्या कितीतरी जणांना वाटलं, की सरकारी माणूस दारात आला आहे तो पेन्शनसाठी नाव लिहायला. म्हणून ऐंशी-नव्वद वर्षांची ती माणसं त्याला ओसरीवर बसवून घेत, आपलं वय आणि मालकाचं नाव नीट सांगत आणि पैसे कधीपासून मिळतील ते विचारत.